एस्तेरबाईंच्या थापट्या

एस्तेरबाई व्याकरण शिकवायच्या पुस्तकी मराठीत आणि रागवायच्या पारनेरच्या मराठीत. वर्गात कर्ता, कर्म, क्रियापद अगदी स्वच्छ, ‘ण’चा ण आणि ‘ळ’चा ळ. पण मागच्या बाकावर कुणी खुसखुसलं की लगेच, “आगं ए, लई दात निघाल्यात का? ये हिकडं, मोजते.” मुलींना या दुसऱ्या मराठीची भीती मुळीच वाटत नसे. ती ऐकायला मिळावी म्हणून त्या मुद्दाम खुसखुसायच्या, आणि बाईंनाही ते ठाऊक असायचं.

लढाईच्या वर्षांत मी नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. शाळेला लागून मुलींचं बोर्डिंग होतं आणि त्याच्या टोकाला शिक्षिकांसाठी दोन खोल्या आणि एक स्वैपाकघर. एका खोलीत एस्तेरबाई राहायच्या. वर्ग संपले की बोर्डिंगची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे. दुसरी खोली मला मिळाली.

मी देवळाली प्रवराची, शेतकऱ्याची मुलगी. वडिलांनी हौसेनं ट्रेनिंगपर्यंत शिकवलं आणि ते अकाली गेले. आईनं मला नोकरीला पाठवलं ते फार कुरकुरत. ख्रिस्ती लोकांत राहायचं म्हटल्यावर तिनं मला शपथ घातली होती, की जेवण आपल्या हातचंच करायचं. म्हणून मी ट्रंकेबरोबर माझी शेगडी, तवा, दोन पातेली असं सगळं बांधून नेलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मी एस्तेरबाईंसमोर उभी राहिले, आणि हे कसं सांगावं ते मला कळेना. मी चाचरत म्हटलं, “बाई, मी माझं वेगळं करून खाईन. तुम्ही राग मानू नका. आईला शब्द दिलाय.”

बाई भाजी निवडत होत्या. उंच, रुंद हाडाच्या, पन्नाशीच्या पुढच्या. नाकावर घसरलेल्या चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“शब्द दिलायस तर पाळ. ती खिडकीकडची बाजू तुझी, ही माझी. फक्त माझी मिरची संपली तर तुझ्याकडची घेईन. मला कुणी शपथ घातलेली नाही.”

आणि हसल्या. त्यांचं हसणं म्हणजे आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा.

बाईंना काही टाकून दिलेलं खपत नसे. टाकायची जागा एकच, असं म्हणून त्या तोंडाकडे बोट दाखवायच्या. दुधीच्या सालींची चटणी, शिळ्या भाकरीचा कुस्करा, कोथिंबिरीच्या देठांचं सार, सगळं त्यांच्याकडे व्हायचं. पण हे सगळं लहान. त्यांची खरी लढाई होती बटाट्यासाठी, आणि ती कोंबड्यांशी.

शाळेच्या मुख्य होत्या एक अमेरिकन बाई. सगळे त्यांना मोठ्या मडम म्हणत. आवारातच त्यांचा बंगला होता. दर शुक्रवारी रात्री त्यांच्या टेबलावर त्यांच्या देशच्या पद्धतीचा बटाटा व्हायचा, उकडून, लोण्यादुधात घोटून केलेला, मऊ आणि पांढरा, लहान मुलाला भरवावा तसा. मडम चिमणीसारखं खायच्या आणि खानसाम्याचा हात मोठा, त्यामुळे निम्म्याहून जास्त उरायचा. शनिवारी सकाळी खानसामा तो कोंबड्यांपुढे टाकायचा. बाईंनी हे एकदा पाहिलं आणि तशाच पदर खोचून बंगल्याच्या पायऱ्या चढल्या.

“मडम, कोंबड्या बटाटा खाऊन अंडी देतात, हे कबूल. पण माझ्या मुली बटाटा खाल्ला तर त्रैराशिक सोडवतील. कोंबडी सोडवेल का?”

मडम मराठी बोलायच्या ती फार जपून, काचेचं भांडं उचलावं तशी. त्या म्हणाल्या, “एस्तेरबाई, हा बटाटा शिळी आहे.”

“शिळा,” बाई म्हणाल्या. “बटाटा पुल्लिंगी. आणि शिळाच पाहिजे मला.”

त्या दिवसापासून बटाटा बोर्डिंगकडे यायला लागला.

शिळाच पाहिजे, हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. ताजा घोटलेला बटाटा दुधानं सैल असतो, तव्यावर टाकला की पसरतो. रात्रभर निवला की तो आळतो. बाई सकाळी तो परातीत पसरायच्या, वर पातळ फडकं टाकून खिडकीत ठेवायच्या, म्हणजे उरलेला ओलावा वाऱ्यावर जायचा. संध्याकाळी त्यात ठेचलेली मिरची-लसूण, मीठ, कोथिंबीर आणि कोरडं भाजलेलं बाजरीचं पीठ. पीठ किती, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. “गोळा हाताला चिकटायचा थांबला की तूही थांब,” एवढंच. मग तळहातावर थापून चपट्या टिकल्या करायच्या, जाडसर दळलेल्या भरड्यात दोन्ही बाजूंनी घोळवायच्या आणि तव्यावर करडईचं तेल तापवून त्यात सोडायच्या. थापून करायच्या म्हणून मुलींनी त्यांना नाव दिलं, थापट्या.

तव्यावर टाकल्यावर मात्र हात लावायचा नाही. इथंच सगळे चुकतात, असं बाईंचं म्हणणं. लवकर उलटली तर थापटी मोडते, निम्मी उलथन्यावर आणि निम्मी तव्यावर. घड्याळ स्वैपाकघरात नव्हतं. बाईंचं घड्याळ म्हणजे प्रभूची प्रार्थना. थापट्या तेलात सोडल्या की डोळे मिटून, हात जोडून, एकेक शब्द सावकाश म्हणायच्या. ‘आमेन’ म्हणून उलटल्या की खालची बाजू तांबूस, कुरकुरीत, कडेला जाळी पडलेली. एखाद्या दिवशी कमिटीची सभा असली, बाई घाईत असल्या, की प्रार्थना धावत व्हायची आणि थापटी फुटायची. मग स्वतःवरच चिडायच्या, “देवाला घाई केली की आसं हुतं.”

मला पहिली थापटी कशी मिळाली ते सांगण्यासारखं आहे. मला येऊन दोनेक महिने झाले असतील. शनिवारी दुपारभर शाळेत पाहुणे आले होते. मी उभ्या उभ्या थकून खोलीवर आले, शेगडी पेटवायचं त्राण नव्हतं. पलीकडे बाईंच्या तव्यावरून वास येत होता. मी दारातच उभी राहिले. बाईंनी पाहिलं. ताटलीत चार थापट्या काढल्या, आमच्या दोन बाजूंच्या मधोमध ठेवल्या आणि म्हणाल्या,

“मी तुला देणार नाही. तू आईला शब्द दिलायस, तो मी कशाला मोडू? घ्यायची असली तर तुझी तू घे. मी बघत नाही.”

आणि खरंच माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर पाहत उभ्या राहिल्या. मी एक उचलली. इतकी गरम की ओठ पोळले, पण कड दाताखाली मोडली आणि आतून तो मऊ, लोण्यासारखा बटाटा जिभेवर आला, तेव्हा थांबणं शक्य नव्हतं.

बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, “आता दुसरी घे. पहिलीची नुसती वाफ कळते.”

दुसऱ्या दिवसापासून आमची चूल एक झाली. त्याबद्दल आम्ही कधी एक अक्षर बोललो नाही.

मग आई आली. न कळवता, शनिवारी सकाळच्या मोटारीनं, डोक्यावर गुळाची ढेप घेऊन. गुळावरून मी ओळखलं, काहीतरी ठरवून आलीय. दारातच तिनं सांगितलं, “राहुरीकडचं स्थळ हाय. पोरगा चांगला हाय, मळा हाय. लई झाली मास्तरकी. उंद्या सकाळी निगायचं.”

 मी काही बोलणार इतक्यात एस्तेरबाई पुढे झाल्या आणि आईच्या डोक्यावरची ढेप उतरवून घेत म्हणाल्या, “उद्या निघायचंय ना? मग आजचा दिवस मोकळाच आहे. चला, शाळा बघायला. घंटा होईल आता.”

आईला नाही म्हणायला जागाच ठेवली नाही. आईला त्यांनी माझ्या वर्गात आणलं, मागच्या बाकावर दोन चिमुरड्यांच्या मधे बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. बाक इतका बुटका की दोघींचे गुडघे हनुवटीला लागत होते. मी भूगोल शिकवत होते, गोदावरी आणि तिला मिळणाऱ्या नद्या. मी नकाशात प्रवरेवर बोट ठेवलं. एका मुलीनं विचारलं, “बाई, तुमी पायलीय का प्रवरा?” मी म्हटलं, “माझ्या घराजवळनं वाहते.” सगळ्या मुलींनी ‘आँ’ केलं, जणू मीच ती नदी वाहवत आणली होती. मागे पाहिलं तर आई ताठ बसून ऐकत होती. एस्तेरबाई नकाशाकडे बघत होत्या, आईकडे चुकूनही नाही.

तास संपला आणि मी निघाले तशा सगळ्या मुली उभ्या राहिल्या. बाहेर व्हरांड्यात आईनं मला हळूच विचारलं,

“येवड्या पोरी उभ्या ऱ्हात्यात तुला?”

“हो.”

“रोज?”

“रोज, आई.”

तिनं वळून पुन्हा वर्गाकडे पाहिलं.

संध्याकाळी बाईंनी परात पुढे ओढली. आई चुलीजवळ उकिडवी बसली होती. तिची नजर खिडकीकडच्या ओट्यावरून फिरली. माझी शेगडी कोपऱ्यात थंड पडली होती, वर धूळ होती. तिला काय ते कळलं असावं. तिनं परातीकडे बोट केलं.

“ह्ये कुनी उकडलं?”

 ‘कुसुमनं’ एवढा एक शब्द एस्तेरबाई बोलल्या असत्या, तरी सगळं निभावलं असतं. पण खोटं बोलणं बाईंना जमतच नसे.

“मडमच्या बंगल्यावर उकडलं. मळलं मी. आणि तुमची मुलगी माझ्या हातचं खाते, हेही आत्ताच सांगते. मागून कुणाकडून कळायला नको.”

 आई बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तव्याकडे बघितलं, तेलाच्या बरणीकडे बघितलं.

“तळायचं हाय न्हवं हे?”

“हो, तळायचंय.”

“मंग तळनाला इटाळ नसतो,” आई म्हणाली, आणि बाह्या सरसावून पुढे सरकली. “सरका वाईच. मी तळते.”

एस्तेरबाईंचे खांदे हलायला लागले, मग पोट. पण आवाज त्यांनी दाबून धरला आणि गंभीरपणे सगळी कृती समजावून सांगितली. उलटायचं कधी, हा प्रश्न आला.

“मी आमची प्रार्थना म्हणते तोवर,” बाई म्हणाल्या. “तुम्ही तुमच्या देवाचं काहीही म्हणा. फक्त सावकाश.”

आईनं डोळे मिटले आणि खंडोबाची आरती धरली. आरती लांब. मधे एक कडवं विसरली, पुन्हा मागे गेली. मी घाबरून बाईंकडे पाहिलं, तर त्या ओठांवर बोट ठेवून मला गप्प करत होत्या. आरती संपेतो पहिला घाणा कोळशासारखा झाला होता.

“आगं बया!” आई म्हणाली.

“असू द्या,” एस्तेरबाई त्यातली सगळ्यात काळी थापटी उचलत म्हणाल्या. “तुमचा देव जरा खरपूस खातो. आमच्या घरातही एक होते तसे. कड करपलेली असली तरच हात लावायचे.”

आपल्या नवऱ्याबद्दल मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं एवढं एकच वाक्य. ते कधी गेले, कसे गेले, मी विचारलं नाही. आईनं मात्र त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढचे सगळे घाणे खंडोबाचं नुसतं नाव घेऊन तळले. त्या थापट्या उत्तम झाल्या. आईनं तीन खाल्ल्या आणि चौथी पदरात बांधून ठेवली.

सकाळी ती एकटीच निघाली. मोटारीत पाय ठेवता ठेवता माझ्याकडे न बघता एस्तेरबाईंना म्हणाली, “दिवाळीपत्तूर ऱ्हाऊ द्या हिला. मंग बघू.” ती दिवाळी पुढच्या दिवाळीवर गेली आणि ती त्याच्या पुढच्या. गूळ मात्र दर वर्षी येत राहिला, आणि तो एस्तेरबाईंच्या नावानं.

आई येऊन गेली, त्याच्या पुढचं वर्ष धान्याच्या टंचाईचं. रेशनवर मिळायचं ते पुरायचं नाही, आणि मिळायचं त्यात खडेच जास्त. बोर्डिंगच्या भाकऱ्या पातळ व्हायला लागल्या. मिशनमध्ये बोलणं सुरू झालं, की परिस्थिती सुधारेपर्यंत मुलींना आपापल्या गावी पाठवावं. मुंबईहून एक मोठे साहेब ते ठरवायला येणार होते. मी एस्तेरबाईंना तेवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मुकाट पाहिलं. भाजी निवडता निवडता हात थांबायचा. मी काही विचारलं की म्हणायच्या, “घरी गेलेली पोर परत येत नाही, कुसुम. मी किती जणींना मोटारीत बसवून दिलंय. सगळ्या सांगतात, येते. एक आली नाही.”

साहेब आले. रात्री बंगल्यावर मेजवानी झाली आणि खानसाम्यानं मोठ्या पातेल्यात बटाटा घोटला. पण साहेबांचं पोट प्रवासानं बिघडलं होतं. ते नुसता चहा घेऊन झोपले. सकाळी ते अख्खं पातेलं आमच्याकडे आलं. एवढा बटाटा बोर्डिंगनं कधी पाहिला नव्हता. बाई एकदम जाग्या झाल्यासारख्या उठल्या. दिवसभर बटाटा खिडकीत, आणि संध्याकाळी चार तव्यांवर तळण. मोठ्या मुली थापत होत्या, लहान मुली भरड्यात घोळवत होत्या, आणि सगळ्या मिळून प्रार्थना म्हणत होत्या, इतक्या मोठ्यानं की बाहेरून वाटावं, उपासनाच चाललीय.

तसंच वाटलं असावं, कारण साहेब आणि मोठ्या मडम दारात येऊन उभे राहिले, साहेब टोपी काढून. तळण संपून मुली तोवर पंगतीत बसल्या होत्या. प्रत्येकीच्या ताटात पातळशी भाकरी, आमटी आणि थापट्या. साहेब सकाळपासून उपाशीच होते. त्यांची नजर ताटांवर खिळली. मडम हळूच म्हणाल्या, “एस्तेरबाई, साहेबांना द्या ना.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “मुलींच्या मापानं केल्यात. एक जरी इकडची तिकडे गेली तर कुणीतरी कमी जेवेल.”

मडमच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढली. मी भिंतीत शिरावं म्हणून मागे सरकले. मुलींचे घास हातात राहिले. मग बाईंनी आपलं स्वतःचं ताट उचललं, त्यातली एक थापटी मधोमध मोडली आणि अर्धी साहेबांपुढे धरली.

“ही माझी आहे. हिच्यातली देते.”

साहेबांनी उभ्यानंच खाल्ली. कुरकुरण्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे काय आहे? मडमनी मराठीत विचारलं.

“काल रात्री साहेब जेवले नाहीत ना,” बाई म्हणाल्या, “तेच.”

मडमनी ते साहेबांना सांगितलं आणि सांगता सांगता त्यांनाच हसू फुटलं. साहेब हसले, मुली हसल्या. हसणं ओसरल्यावर साहेबांनी विचारलं, मुली काही दिवस घरी गेल्या, तर काय होईल? बाईंची पुस्तकी मराठी तेव्हा कुठे गेली कोण जाणे.

“काय व्हनार? घरी जातील. येवडंच. परत यायच्या न्हाईत.”

मडमना हे भाषांतर करायला बराच वेळ लागला. साहेबांनी ते ऐकून घेतलं. पंगत उठेपर्यंत तिथंच उभे राहिले.

बोर्डिंग बंद झालं नाही. कशामुळे, ते मला माहीत नाही. पुढच्याच महिन्यात रेशन थोडं सुधारलं, मिशननं कुठून तरी बाजरीची सोय केली, त्यामुळेही असेल. मुली मात्र सांगत सुटल्या, की एस्तेरबाईंनी अर्ध्या थापटीवर बोर्डिंग वाचवलं. बाईंपर्यंत ते गेलं तेव्हा त्या करवादल्या, “बटाट्यानं पोट भरतं. बाकी काही होत नसतं बटाट्यानं. निबंधात असलं लिहिलंत तर मार्क कापीन.”

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि पारनेरच्या बाजूला आपल्या गावी, पुतण्याकडे राहायला गेल्या. जाताना मला तवा दिला, आणि तो कसा घासायचा यावर एक व्याख्यान. मी बोर्डिंगवर थापट्या करत राहिले. माझ्या कधी मोडायच्या, कधी जमायच्या. मुली समजूतदार होत्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. स्वातंत्र्य मिळून वर्ष उलटलं होतं. मी कामासाठी मोटारीनं निघाले होते आणि पारनेरला आठवडे बाजाराच्या गर्दीत मोटार अडकली. खिडकीतून बघते तर कासाराच्या दुकानासमोर बायकांचा घोळका, आणि मधोमध एस्तेरबाई घोंगडीवर बसलेल्या. शेजारी नवं लुगडं नेसलेली एक लाजरी मुलगी होती. पुतण्याचं लग्न ठरलं होतं, ही त्याची नवरी आणि या लग्नाच्या बांगड्या, हे मला मागून कळलं.

हे सांगायचं राहिलं, की इतक्या वर्षांत एस्तेरबाईंच्या हातात मी कधी बांगडी पाहिली नव्हती. खडू आणि पिठानं पांढरे झालेले, मनगटापर्यंत मोकळे असेच ते हात मला ठाऊक. आता त्यातला एक हात कासाराच्या मुठीत होता. हात रुंद, बांगड्या लहान. कासार चेपत होता, बाई डोळे गच्च मिटून ओठ दाबत होत्या, आणि भोवतालच्या बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या. दोन-तीन हिरव्या बांगड्या मनगटावर आल्या होत्या, एक अंगठ्याच्या सांध्याशी अडली होती.

ड्रायव्हरनं भोंगा दिला. मोटार हलली. मी खिडकीबाहेर निम्मी वाकून ओरडले, “एस्तेरबाई!”

त्यांनी डोळे उघडले. चष्म्यावरून इकडे-तिकडे शोधलं, मग मी दिसले. त्यांचे खांदे हलायला लागले, आणि त्यांनी हात वर केला. तोच हात. कासारानं मूठ सोडली नव्हती, तेव्हा त्या हाताबरोबर बिचारा कासारही घोंगडीवरून अर्धा उठला आणि तसाच, हात वर करून, मला निरोप देत राहिला.